खेळ, खूण आणि हालचाल : पुनर्वसनातील गतिनियंत्रित व्हिडिओ-खेळांविषयीच्या साहित्याची समीक्षा

१

इ. स. २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लहानसे पत्र प्रसिद्ध झाले. एकोणतीस वर्षांचा एक निरोगी तरुण डॉक्टर रविवारी सकाळी उजव्या खांद्यातील तीव्र वेदनेने जागा झाला. त्याने ‘निन्टेंडो वी’ या यंत्रावर कित्येक तास टेनिस खेळले होते. पत्रलेखकाने या दुखण्याला ‘वीआयटिस’ असे नाव दिले. त्याच नियतकालिकात १९९० साली अशाच एका दुखण्याचे ‘निन्टेंडिनायटिस’ असे नामकरण झाले होते. तेव्हाचा खेळाडू कळ दाबून खेळत असे, म्हणून दुखणे अंगठ्याला झाले होते. नवा खेळाडू हात फिरवून खेळत होता, म्हणून ते खांद्यापर्यंत चढले.

याच सुमारास त्याच यंत्रापासून दुसराही एक शब्द तयार झाला. पक्षाघात, पार्किन्सन किंवा सेरेब्रल पाल्सी यांमुळे हालचालीचे सामर्थ्य हरपलेल्या रुग्णांना भौतिकोपचार विभागांत हे खेळ खेळावयास देऊ लागले, आणि वृत्तपत्रांनी त्या उपचाराला ‘वीहॅबिलिटेशन’ म्हणावयास प्रारंभ केला. एकाच वस्तूपासून एका रोगाचे नाव निघावे आणि एका उपचाराचेही निघावे, ही घटना शब्दसिद्धीच्या अभ्यासकाला मौजेची वाटेल. परंतु या दोन शब्दांत एक महत्त्वाचा भेद आहे. रोगाचे नाव एका निश्चित स्नायूकडे आणि त्याच्या निश्चित श्रमाकडे बोट दाखवते. उपचाराचे नाव मात्र केवळ यंत्राकडे बोट दाखवते. कोणती हालचाल, कोणत्या रुग्णाची, कशासाठी, यांविषयी ते मौन पाळते. हे मौन नावापुरतेच राहिले नाही. या विषयावरील बऱ्याचशा संशोधनसाहित्यातही ते उतरले आहे. त्या मौनात नेमके काय दडले आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

हा प्रश्न वैद्यकाचा आहे. त्यात भाषाशास्त्राचे काय काम, असा आक्षेप येथे संभवतो. त्याचे उत्तर असे की या खेळांत रुग्णाची हालचाल ही प्रथम एक खूण असते. यंत्र ती वाचते, तिचा अर्थ लावते आणि त्या अर्थाप्रमाणे पडद्यावर काही घडवते. जेथे खूण आहे, वाचणारा आहे आणि अर्थ आहे, तेथे भाषाशास्त्राने घडवलेली साधने वापरून पाहण्यास प्रत्यवाय नसावा.

२

यंत्र काय वाचते? नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आलेल्या ‘वी’च्या हातातील दांड्यात तीन दिशांचे त्वरण मोजणारा मापक होता आणि पडद्याजवळील अवरक्त दिव्यांचा वेध घेणारा छोटा कॅमेरा होता. दांडा हातात कसा वळला, हे मोजणारे उपकरण २००९ साली जोड म्हणून आले. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’ने आणलेल्या ‘कायनेक्ट’मध्ये हातात काहीच धरावे लागत नसे. अवरक्त किरणांच्या साहाय्याने अंतर मोजून ते यंत्र मानवी शरीराची वीस सांध्यांची एक आकृती मनाशी रचत असे. त्या आकृतीला बोटे नव्हती. ‘वी फिट’ या खेळासोबत येणाऱ्या तोलपाटाच्या चार कोपऱ्यांत वजन मोजणारे चार संवेदक होते. पाटावर उभ्या राहणाऱ्याचा भार कोणीकडे झुकला, एवढेच त्यांना कळे.

म्हणजे प्रत्येक यंत्राला हालचालीतील काही भेद कळतात आणि उरलेले कळत नाहीत. मराठी भाषकाला ‘पळ’ आणि ‘फळ’ यांतील प्रारंभीच्या ध्वनींचा भेद तत्काळ जाणवतो, कारण त्या भेदाने अर्थ बदलतो. इंग्रजी भाषकाच्या तोंडीही हे दोन्ही ध्वनी येतात, पण त्याच्या भाषेत त्या भेदावर अर्थ अवलंबून नसल्यामुळे त्याच्या कानाला तो सहसा जाणवत नाही. भाषाशास्त्रात स्वन आणि स्वनिम असा जो भेद करतात, तो हाच. केनेथ पाइक यांनी १९५४ साली हा भेद भाषेपुरता न ठेवता सर्व मानवी वर्तनाला लागू केला, आणि त्यातूनच ‘एटिक’ व ‘एमिक’ ही जोडी रूढ झाली.

या दृष्टीने पाहता गतिनियंत्रित खेळ हा हालचालीचे स्वनिम वाचणारा वाचक आहे. ‘वी स्पोर्ट्स’मधील टेनिसमध्ये पडद्यावरील खेळाडू आपोआप धावतो. फटका मारण्याची वेळ साधली की चेंडू परततो. ती वेळ खांद्यापासून पूर्ण हात फिरवून साधली काय किंवा आरामखुर्चीत रेलून मनगटाच्या एका झटक्याने साधली काय, यंत्राच्या लेखी तो एकच ‘फटका’ होय. उलट, त्याच संचातील गोलंदाजीच्या खेळात चेंडू सोडताना दाबून धरलेली कळ नेमक्या क्षणी सोडावी लागते. ज्या रुग्णाची बोटे मिटलेलीच राहतात, त्याने हात कितीही सुंदर फिरवला तरी यंत्राला तो शब्द अपुराच वाटतो. एका ठिकाणी उपचाराला महत्त्वाचा असलेला भेद खेळ गिळून टाकतो, तर दुसऱ्या ठिकाणी उपचाराला तूर्त गौण असलेला भेद तो निर्णायक ठरवतो.

भौतिकोपचारतज्ज्ञाचे वाचन याच्या नेमके उलट असते. रुग्णाने पेला उचलला की नाही, एवढ्यावर त्याचे समाधान होत नाही. कोपर उघडले काय, खांदा कानाकडे चढला काय, धड पुढे झुकले काय, हे तो पाहतो. त्याचे वाचन स्वनाचे, म्हणजे सर्व बारकाव्यांचे असते. आता देवनागरीत ‘जरा’ हा शब्द ‘थोडे’ या अर्थी आणि ‘वार्धक्य’ या अर्थी सारखाच लिहितात. त्यातील ‘ज’चा उच्चार एकदा दंततालव्य आणि एकदा तालव्य होतो, पण लिपी तो भेद नोंदवत नाही. तरीही वाचकाचे अडत नाही, कारण संदर्भावरून तो उच्चार पुरवतो. यंत्राला असा संदर्भ नसतो. लिपीने जे गाळले ते त्याच्यापुरते नाहीसेच झाले.

३

या भेदाचे परिणाम पक्षाघाताच्या रुग्णांबाबत अधिक स्पष्ट होतात. हात पुढे करून वस्तू घ्यावयाची असता असा रुग्ण बहुधा कोपर उघडण्याऐवजी संपूर्ण धड पुढे नेतो. वस्तू हाती येते. हात मात्र होता तेथेच राहतो. २००९ साली मिंडी लेव्हिन, जेफ्री क्लाइम आणि स्टीव्हन वुल्फ यांनी एका लेखात पक्षाघातानंतरच्या ‘पुनःप्राप्ती’ आणि ‘भरपाई’ या संज्ञांचा अर्थ काय, असा प्रश्न शीर्षकातच विचारला होता. जुन्या रीतीने तीच हालचाल पुन्हा साधणे ही पुनःप्राप्ती, आणि वेगळ्या अवयवाने किंवा वेगळ्या रीतीने तेच काम उरकणे ही भरपाई, असा भेद त्यांनी शरीराच्या निरनिराळ्या पातळ्यांवर स्पष्ट केला. वैद्यकीय लेखनात संज्ञेच्या अर्थाविषयी इतका सावध विचार क्वचितच आढळतो. परंतु खेळांविषयीच्या प्रयोगांनी या सावधपणाचा लाभ पुरेसा घेतलेला दिसत नाही.

या प्रयोगांपैकी सर्वांत चर्चा झालेले दोन प्रयोग गुस्तावो सापोस्निक आणि त्यांचे सहकारी यांचे आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या लहान प्रयोगात पक्षाघाताचे २२ रुग्ण होते. एका गटाला ‘वी’ दिले. दुसऱ्या गटाला पत्ते, बिंगो आणि ‘जेंगा’ नावाचा लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्याचा खेळ दिला. ‘वी’चा गट पुढे राहिला आणि आशा बळावल्या. त्यानंतर कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या चार देशांतील चौदा केंद्रांत १४१ रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांत साठ मिनिटांची दहा सत्रे, असा क्रम होता. दोन्ही गटांची प्रगती झाली, परंतु त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. यंत्राने जे साधले ते पत्त्यांनीही साधले, असा याचा व्यावहारिक अर्थ लावण्यात आला आणि खर्चाच्या दृष्टीने तो योग्यही होता.

तथापि या प्रयोगाचे अधिक बारकाईने वाचन शक्य आहे. येथे खेळाची तुलना व्यायामाशी नव्हती. एका जातीच्या खेळाची तुलना दुसऱ्या जातीच्या खेळाशी होती. दोन्ही पक्षांत मौज होती, चुरस होती, आवृत्ती होती. मग भेद कोणता होता? एका खेळात हालचाल ही यंत्राला दिलेली खूण होती. दुसऱ्यात ती वस्तूवर केलेली क्रिया होती. ‘जेंगा’तील ठोकळा ओढताना बोट थरथरले तर मनोरा ढासळतो. तेथे कोणी अर्थ लावत नाही. लाकूड आणि गुरुत्वाकर्षण हेच परीक्षक असतात आणि त्यांच्या नजरेतून कोणताही बारकावा सुटत नाही. पत्ता उचलावयाचा तर अंगठा आणि तर्जनी एकमेकांसमोर आणावीच लागतात. साधी वस्तू ही यंत्राहून कठोर वाचक असते, ही गोष्ट या प्रयोगाच्या रचनेतच दडलेली होती. निष्कर्षांच्या चर्चेत तिला तितकेसे स्थान मिळाले नाही.

या प्रयोगाचे प्रमुख माप होते ठरावीक कृती पुरी करण्यास लागणारा वेळ. वेळ हेही एक गाळणारे वाचनच होय. भरपाईच्या रीतीने झटपट केलेली कृती आणि पुनःप्राप्तीच्या वाटेवरची संथ कृती यांपैकी घड्याळ पहिलीला झुकते माप देते. म्हणजे खेळ जे गाळतो तेच माप गाळत असेल, तर दोहोंच्या मेळातून आलेल्या निष्कर्षात हालचालीच्या गुणाविषयी काहीही असू शकत नाही. तो निष्कर्ष खोटा नव्हे. परंतु त्याचे क्षेत्र वाचकाला वाटते त्याहून मर्यादित आहे.

संकलनात्मक परीक्षणांतही संज्ञेची अडचण आहे. ‘कॉक्रेन’ संस्थेच्या २०१७ सालच्या परीक्षणात ७२ प्रयोग आणि २४७० रुग्ण होते. आभासी वास्तव आणि व्हिडिओ-खेळ हे हाताच्या कार्यासाठी रूढ उपचारांहून अधिक लाभदायक नाहीत, परंतु नेहमीच्या उपचाराला जोड देऊन उपचाराचा एकूण काळ वाढवल्यास ते उपयोगी पडू शकतात, असे त्यात म्हटले होते. २०२५ च्या सुधारित आवृत्तीत प्रयोगांची संख्या १९० झाली आणि हाताच्या कार्याबाबत अल्पसा लाभ नोंदवला गेला. पण ‘आभासी वास्तव’ या एकाच छत्राखाली डोक्यावर चढवावयाची साधने, खास घडवलेली उपचारयंत्रे आणि दुकानात मिळणारे घरगुती खेळ हे सर्व एकत्र येतात. २०१६ च्या उपर्युक्त प्रयोगाच्या शीर्षकात तर ‘वी’ला ‘निमग्न न करणारे आभासी वास्तव’ म्हटले आहे. ज्या संज्ञेला टिकण्यासाठी आपल्याच प्रमुख लक्षणाचा निषेध जोडावा लागतो, तिच्या व्याप्तीविषयी शंका घेणे रास्त ठरेल.

४

चेताविज्ञानात ‘हालचालींचे विकार’ ही संज्ञा काटेकोर अर्थाने वापरली जाते. तिच्यात पार्किन्सन, डिस्टोनिया, कोरिया इत्यादींचा समावेश होतो. पक्षाघातातील लुळेपणा त्यात सहसा धरत नाहीत. हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही. पक्षाघातात शक्ती जाते. पार्किन्सनमध्ये शक्ती बऱ्याच अंशी शाबूत असते, पण हालचालीचे परिमाण आक्रसते. पाऊल आखूड पडते, हात चालताना हलेनासा होतो, आवाज खाली जातो. लिहिताना अक्षर ओळीच्या शेवटाकडे जात-जात बारीक होते. या सूक्ष्माक्षरतेचे वैशिष्ट्य असे की रुग्णाला आपण नेहमीसारखेच लिहीत आहोत असे वाटते. आखीव रेघा दिल्या की अक्षर पुन्हा मोठे होऊ शकते, आणि जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या की अडखळलेले पाऊल अनेकदा मोकळे पडते.

यावरून उपचाराची दिशा ठरते. लॉरेन रेमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पार्किन्सनच्या रुग्णांसाठी जी वाणी-उपचारपद्धती विकसित केली, तिचे सूत्र एकच आहे : मोठ्याने बोला. रुग्णाला आपण ओरडत आहोत असे वाटते, तेव्हा ऐकणाऱ्याला त्याचे बोलणे सामान्य वाटते. रुग्णाच्या आतले मापच बिघडलेले असल्यामुळे ते पुन्हा बसवावे लागते. पुढे हेच तत्त्व हातापायांच्या हालचालींनाही लावले गेले आणि तेथे सूत्र झाले : मोठी हालचाल करा.

आता मनगटाच्या झटक्याला पूर्ण फटक्याइतकेच गुण देणारा खेळ या रुग्णाच्या हाती दिला, तर काय होईल? लहान हालचाल पुरते, हा जो चुकीचा धडा रोगाने त्याच्या शरीराला आधीच दिलेला आहे, तोच धडा खेळ गुण देऊन पक्का करील. रुग्ण उत्साहाने खेळेल, गुणांक चढेल, नोंदवहीत प्रगती दिसेल. आणि हात मात्र आखूडच राहील. पक्षाघाताच्या रुग्णाला जो खेळ फार तर निरुपयोगी ठरेल, तो येथे अपायकारक ठरण्याचा संभव आहे. सर्व विकारांना एकाच ‘वीहॅबिलिटेशन’ या नावाखाली आणण्यात हा धोका आहे.

याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही तितक्याच आदराने पाहिला पाहिजे. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पार्किन्सनच्या प्रारंभिक अवस्थेतील १६ रुग्ण आणि ११ निरोगी वृद्ध यांनी चौदा सत्रांत ‘वी फिट’मधील दहा खेळ खेळले. रुग्णांनी दहांपैकी सात खेळ शिकून घेतले आणि ते कौशल्य टिकवले. तोल न जाता हात पुढे नेण्याच्या, खेळाबाहेरच्या चाचणीतही त्यांची प्रगती दिसली. उरलेल्या तीन खेळांत मात्र ते मागे पडले. या खेळांत शारीरिक मागणी मोठी होती असे नव्हे. त्यांतील बौद्धिक मागणी रुग्णांना जड गेली. या अभ्यासाचे खरे मूल्य असे की त्याने ‘खेळ उपयोगी आहे काय’ असा प्रश्न न विचारता ‘कोणता खेळ काय मागतो’ असे विचारले. एकाच संचातील दहा खेळ म्हणजे दहा निरनिराळ्या मागण्या, हे त्याने दाखवले. समीक्षेच्या परिभाषेत सांगावयाचे तर, त्याने ग्रंथाच्या नावावरून अभिप्राय न देता ग्रंथ पानोपान वाचला.

तोलपाटाबाबतही न्याय केला पाहिजे. २०१० साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याची तुलना प्रयोगशाळेतील महागड्या भारमापक चौथऱ्याशी केली, तेव्हा उभे राहण्याचा तोल मोजण्याच्या कामी तो विश्वसनीय आढळला. येथे यंत्राची लिपी उपचाराला हवा तो भेद, म्हणजे भाराचे केंद्र कोठे सरकते तो भेद, खरोखर नोंदवते. म्हणून प्रस्तुत आक्षेप यंत्रावर सरसकट नाही. जे यंत्र आवश्यक भेद वाचते ते उपचाराचे साधन होऊ शकते. जे वाचत नाही ते केवळ करमणुकीचे राहते, आणि दोहोंना एकच नाव दिल्याने हा फरक झाकला जातो.

५

शेवटचा प्रश्न ‘खेळ’ या शब्दाचा आहे. योहान हाउझिंगा यांनी १९३८ साली खेळाची जी लक्षणे सांगितली, त्यांत स्वेच्छा हे पहिले होते. आज्ञेने केलेला खेळ हा खेळ राहत नाही. रुग्णाला ठरावीक वेळी, ठरावीक सत्रे, ठरावीक खेळ खेळावयास लावणे ही क्रिया मराठीत ‘खेळणे’ या क्रियापदाने सांगता येत नाही; तिला प्रयोजक रूप लागते, ‘खेळवणे’. आणि ‘खेळवणे’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. मुलाला प्रेमाने खेळवतात. आशेवर झुलवत ठेवलेल्या माणसालाही कोणीतरी खेळवत असते. रुग्णाला चढता गुणांक दाखवून त्याचा हात तसाच ठेवणारा उपचार यांपैकी कोणत्या अर्थाने त्याला खेळवतो, हे प्रत्येक प्रयोगकर्त्याने स्वतःला विचारणे आवश्यक आहे.

बाजाराच्या बाजूनेही हा दुसरा अर्थ डोकावतो. ‘वी’चे उत्पादन २०१३ साली मंदावले आणि पुढे थांबले, ‘कायनेक्ट’चे २०१७ साली बंद झाले. ज्या विभागांनी आपले उपचारक्रम या यंत्रांभोवती बांधले होते, त्यांचे साधन रुग्ण बरा होण्यापूर्वीच कालबाह्य झाले. यंत्रे बदलतील, नवी येतील. म्हणून यंत्राच्या नावाने लिहिलेले संशोधन यंत्राबरोबरच जुने होईल. हालचालीच्या कोणत्या भेदाला गुण दिला आणि कोणता भेद सोडून दिला, याची नोंद करणारे संशोधन मात्र टिकेल, कारण पुढच्या यंत्रालाही तोच प्रश्न विचारता येईल. अशी नोंद प्रत्येक प्रबंधात आणि प्रयोगवृत्तात असावी, एवढी किमान अपेक्षा करण्यास हरकत नाही.

मूल अक्षर गिरवते तेव्हा पाटीवर उमटलेला ‘क’ बरोबर असतो, पण कित्येकदा तो उलट्या बाजूने काढलेला असतो. केवळ पाटी पाहणाऱ्याला हे कळत नाही. शेजारी बसून हात पाहणाऱ्या शिक्षकाला कळते. म्हणून मराठीत चांगल्या अक्षराला आणि चांगल्या सवयीला ‘वळण’ हा एकच शब्द आहे, आणि हाताला वळण लावावे लागते असे आपण म्हणतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी सरावाचे वर्णन करताना म्हटले होते की त्यात उत्तराची आवृत्ती नसते. उत्तर शोधण्याच्या क्रियेची आवृत्ती असते. आजचे गतिनियंत्रित खेळ बहुतांशी पाटी पाहतात. त्यांच्यासमोर बसलेल्या रुग्णाजवळ हात पाहणारा कोणी असेल तर ते गिरवण्याची गोडी वाढवतील. तो नसेल तर चढते गुण मोजत बसतील, आणि हाताला चुकीचे वळण लागून जाईल.